लष्करी पदकांचा संग्रह आणि अस्सलपणाची पारख : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदके जमवणारे, आणि घरात सापडलेल्या एखाद्या पदकाबद्दल कुतूहल असणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे लागला तर तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. मी आजवर एकही पदक घेतलेलं नाही. सुरुवात कशापासून करू?

मोहिमेच्या पदकांपासून करा. शौर्यपदक एका विशिष्ट कामगिरीसाठी एका माणसाला मिळते. मोहिमेचे पदक मात्र त्या युद्धात ठरलेल्या भागात, ठरलेल्या काळात सेवा केलेल्या प्रत्येकाला मिळते. पहिल्या महायुद्धानंतर दिलेली चांदीची ब्रिटिश वॉर मेडल्स सुमारे 65 लाख होती. इतकी मुबलक असलेली वस्तू खोटी बनवून कोणाला फारसे काही सुटत नाही, त्यामुळे नवख्याची फसगत होण्याची शक्यता कमी राहते. शिवाय या पदकाच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण असते. म्हणजे पदकासोबत शोध घ्यायला एक माणूसही मिळतो, आणि माझ्या मते या छंदाची खरी गोडी तिथेच आहे.

खरेदीच्या आधी निदान काही अस्सल पदके हातात घेऊन बघा. लिलावापूर्वी वस्तू पाहण्यासाठी खुल्या ठेवतात, तेव्हा जा. नुसत्या फोटोंवर नजर तयार होत नाही.

2. ‘अस्सल’ म्हणजे नेमकं काय? सरकारनं दिलेलं तेच अस्सल ना?

दर वेळी नाही, आणि बहुतेक वाद इथेच सुरू होतात. ब्रिटिश मोहीम पदके सरकारने पाडून, नावे घालून दिली, त्यामुळे तिथे उत्तर सरळ आहे. फ्रान्समध्ये मात्र सन्मान मिळालेल्याने पदक खासगी कारागिराकडून विकत घ्यायची रीत होती. म्हणून 1802 साली नेपोलियनने सुरू केलेल्या लेजिअन द’ऑनरचे किंवा 1915 च्या क्रुआ द गेर या फ्रेंच युद्धपदकाचे कितीतरी वेगवेगळे, तरीही अस्सल नमुने दिसतात. एकसारखे नाही म्हणून खोटे, हा नियम तिथे चालत नाही.

याखेरीज काही मधले प्रकार आहेत. पदक हरवल्यावर सरकारनेच दिलेले बदली पदक. ब्रिटिश बदली पदकांवर बहुधा ‘आर’ किंवा ‘रिप्लेसमेंट’ असा शिक्का असतो. मूळ पदक जपून ठेवायचे म्हणून अंगावर घालण्यासाठी करून घेतलेली प्रत. जुन्याच ठशांवर नंतर पाडलेले पदक. संग्रहालयासाठी उघडपणे केलेली नक्कल. यातले काहीही मुळात बनावट नाही. ते मूळ म्हणून विकले की फसवणूक सुरू होते. ‘कॉपी’ हा शिक्का घासून काढलेली पदके बाजारात येतात, म्हणून मागच्या बाजूला आणि कडेला एखादी जागा विनाकारण गुळगुळीत किंवा खोलगट दिसली तर तिथे भिंग धरा.

3. तपासायला कोणती साधनं लागतात?

दहापट मोठे दाखवणारे सोनारी भिंग, डिजिटल कॅलिपर, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा, लहान लोहचुंबक आणि अतिनील प्रकाशाची बॅटरी. एवढ्यावर बरेच काम होते. भिंगाचा वापर सर्वांत जास्त होतो, तेव्हा ते चांगले घ्या.

4. पदक ठशानं पाडलेलं आहे की ओतलेलं, हे कसं ओळखायचं?

बहुतेक सरकारी पदके नाण्यांसारखी ठशाच्या दाबाने पाडलेली असतात. स्वस्त नकला अस्सल पदकाचा साचा घेऊन त्यात धातू ओतून करतात. फरक भिंगाखाली दिसतो.

पाडलेल्या पदकाची मोकळी पार्श्वभूमी घट्ट आणि सपाट असते. अक्षरे त्या सपाटीतून धारदार कोनात वर येतात, आणि अक्षराच्या पायथ्याशी प्रकाशाची रेषा तुटक दिसत नाही. ओतीव पदकात तोच पायथा गोलसर होतो. राजाच्या केसांच्या बटा, मुकुटावरचे मणी, पानांच्या शिरा एकमेकांत विरघळल्यासारख्या दिसतात. पार्श्वभूमीवर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे असतात, कारण ओतताना हवेचे बुडबुडे अडकतात. आतून बुडबुडा फुगल्यासारखे बारीक उंचवटेही आढळतात, आणि पाडलेल्या पदकात ते सहसा संभवत नाहीत. कडेवर मधोमध एक शिवण फिरलेली असेल, किंवा ती घासल्याचे आडवे ओरखडे असतील, तर साच्याची दोन अर्धुके जोडली होती असे समजा.

मापही घ्या. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, त्यामुळे नक्कल मूळ पदकापेक्षा किंचित लहान भरते. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश चांदीच्या पदकाचा व्यास 36 मिलिमीटर असतो. तो 35.4 भरला, तर कारण शोधायला हवे. मात्र व्यास कमी भरण्याचे दुसरेही एक कारण असते, ते प्रश्न 6 मध्ये आहे.

एक सावधगिरी. झिजलेल्या अस्सल पदकाचे तपशीलही मऊ होतात. पण झीज आधी उंच भागांवर येते. खोलगट जागा तीक्ष्णच राहतात. ओतीव पदकात उंच आणि खोल दोन्ही भाग सारखेच बोथट असतात.

5. न खरवडता चांदी ओळखता येते का?

येते. विशिष्ट गुरुत्व काढा. पदक रिबन काढून कोरडे तोला. मग काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून काटा शून्यावर आणा आणि पदक बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असे धरा. आता काटा जो आकडा दाखवेल त्याने कोरड्या वजनाला भागा. समजा कोरडे वजन 31.08 ग्रॅम आहे आणि पाण्यात धरल्यावर काटा 3.00 दाखवतो. भागाकार 10.36 येतो, आणि 92.5 टक्के चांदीचे विशिष्ट गुरुत्व तेवढेच असते. तांबे 8.96 वर आहे, पितळ साधारण साडेआठच्या आसपास, जस्त 7.1 वर. चांदीचा मुलामा दिलेली नक्कल इथे उघडी पडते.

ही परीक्षा मीनाकारी असलेल्या, अनेक भाग जोडलेल्या किंवा पोकळ पदकांना लावू नका. उत्तर चुकीचे येते, शिवाय मीन्याच्या भेगांत पाणी शिरते. आणि अंगठीसाठी वापरतात ते तेजाब पदकावर कधीही टाकू नका.

6. कडेवर नाव आहे. म्हणजे पदक खरंच ना?

पदक खरे असू शकते आणि नाव खोटे. जाणकार पदकाच्या चित्रापेक्षा कडेवर जास्त वेळ घालवतात, ते यासाठी.

आधी नाव कसे घातले ते पाहा. ठोकून उमटवलेल्या अक्षरात धातू दाबला जातो, त्यामुळे अक्षराच्या भोवती अगदी बारीक उंचवटा येतो आणि खळग्याचा तळ सपाट असतो. हाताने कोरलेल्या अक्षरात धातू कापून काढलेला असतो. खळगा पाचरीसारखा, रेषेची जाडी कमीजास्त. लेसरने केलेल्या आजच्या अक्षरांची खोली सगळीकडे एकसारखी आणि तळ खरखरीत असतो. आता हे त्या पदकाच्या पद्धतीशी ताडून बघा. 1815 च्या लढाईसाठी दिलेल्या वॉटर्लू पदकावर मोठी, रेघांच्या टोकांना बारीक शेंड्या (सेरिफ) असलेली ठोकीव अक्षरे असतात आणि नावाच्या दोन्ही बाजूंच्या रिकाम्या जागेत चांदण्यांच्या खुणा भरलेल्या असतात. तिथे नाजूक, कोरीव, तिरकी अक्षरे दिसली तर नाव मागाहून घातले आहे.

मग नाव बदलले आहे का ते पाहा. मूळ नाव कानशीने घासून त्यावर दुसरे नाव घालतात. घासल्यावर व्यास घटतो. कॅलिपरने वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे अशी दोन्ही मापे घ्या. वरचा दांडा जिथे पदकाला पकडतो तिथे कानस पोहोचत नाही, म्हणून त्या पकडीशेजारी धातूची बारीकशी पायरी राहते. पदक दिव्याखाली तिरके धरून सावकाश फिरवा. जुन्या अक्षरांच्या पुसट सावल्या कधी कधी वर येतात.

बदललेले प्रत्येक नाव फसवणुकीचे नसते. आपले पदक हरवले म्हणून सैनिकाने दुसऱ्याचे घेऊन त्यावर स्वतःचे नाव घालून घेतल्याची उदाहरणे जुन्या काळात आहेत. अशा पदकाचे मोल कमी धरले जाते आणि ते बरोबरही आहे, पण मी त्याला बनावट म्हणणार नाही.

7. नावच नसेल तर?

कोणाला दिले होते यावर ते अवलंबून आहे. दुसऱ्या महायुद्धातले 1939–45 स्टार, बर्मा स्टार, आफ्रिका स्टार वगैरे तारे ब्रिटिश सैनिकांना नावाशिवायच मिळाले. भारतीय, दक्षिण आफ्रिकी आणि ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या ताऱ्यांवर मागच्या बाजूला नाव घातलेले असते. म्हणजे बर्मा स्टारवर नाव नाही एवढ्यावरून काही ठरत नाही, पण ‘हे अमुक भारतीय सुभेदाराचे’ असे सांगून बिननावाचा तारा कोणी पुढे केला तर कागदपत्र मागा.

या ताऱ्यांत एअर क्रू युरोप स्टार दुर्मीळ आहे आणि त्याच्या नकला खूप आहेत. धातू आणि आकार बाकी ताऱ्यांचाच, बदलते ती मधली अक्षरे. म्हणून एखादा अस्सल, साधा तारा शेजारी ठेवून मुकुट, अक्षरांची जाडी आणि टोकांची धार ताडून पाहा.

8. आयर्न क्रॉसला लोहचुंबक चिकटत नाही. खोटा का?

तेवढ्यावरून नाही. हा क्रॉस 1813 मध्ये प्रशियाच्या राजाने सुरू केला आणि 1870, 1914 व 1939 मध्ये पुन्हा चालू झाला. नेहमीच्या रचनेत मध्ये काळा लोखंडी गाभा आणि भोवती दोन अर्धुकांची चांदीसारखी चौकट डाखाने जोडलेली असते. गाभ्याला चुंबक चिकटतो. पण चुंबक न चिकटणाऱ्या गाभ्याचे अस्सल क्रॉसही आहेत, आणि हल्लीच्या चांगल्या नकलांत लोखंड मुद्दाम घालतात. चुंबक हा सुगावा आहे, निकाल नाही.

खरे बघायचे ते चौकटीत. गाभा आणि चौकट यांच्यामध्ये केसाएवढी फट आणि बाहेरच्या कडेवर डाखाची नीट घासलेली शिवण दिसायला हवी. गाभा आणि चौकट एकाच धातूत ओतून वर काळा रंग दिलेला असेल, तर पुढचे काही पाहायची गरज नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर व्हिएन्नाच्या आणि जर्मनीतल्या काही जुन्या कारखान्यांनी पदके बनवणे चालू ठेवले, त्यामुळे कारखान्याचा खरा शिक्का असूनही पदक नंतरचे असू शकते.

9. रिबन अतिनील प्रकाशात चमकते. याचा अर्थ?

कृत्रिम धागा आणि कापड पांढरेशुभ्र दिसावे म्हणून वापरली जाणारी रसायने निळसर पांढरी चमकतात. ही रसायने दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास वापरात आली. त्यामुळे 1918 ची म्हणून दाखवलेली रिबन लख्ख चमकली तर ती त्या काळची नाही, किंवा कोणीतरी ती आजच्या साबणाने धुतली आहे. रिबन झिजली की बदलतात, म्हणून नवी रिबन हा पदकाचा दोष धरू नये. उलट, जुनी रिबन खोट्या पदकाला लावणे हा सोपा डाव आहे. धागा जाळून बघू नका.

10. पदकावर 1848 लिहिलंय आणि लढाई त्याच्या कितीतरी आधीची. काहीतरी चुकतंय का?

नाही. मिलिटरी जनरल सर्व्हिस मेडल 1793 ते 1814 मधल्या लढायांसाठी आहे, पण ते 1840 च्या दशकाच्या अखेरीस दिले गेले, म्हणून त्यावर तरुण व्हिक्टोरिया राणी आणि 1848 साल आहे. तोवर हयात असलेल्यांनाच ते मागता आले. आर्मी ऑफ इंडिया मेडलचेही तसेच. लढाया 1803 ते 1826 च्या, मंजुरी 1851 ची. अशा पदकांत रिबनवरच्या लढायांच्या पट्ट्यांवर किंमत ठरते, म्हणून खोटेपणाही पट्ट्यांतच जास्त. पट्ट्या एकमेकींना जोडणाऱ्या खिळ्यांची डोकी, डाखाचे ताजे डाग आणि अक्षरांची उंची तपासा. मग त्या माणसाची पलटण त्या लढाईत होती का ते नोंदींत पाहा (प्रश्न 13).

11. पुस्तकात चांदीचं म्हटलंय, माझं ब्राँझचं आहे.

घाईने टाकून देऊ नका. 1895 च्या इंडिया मेडलसारखी काही पदके लढणाऱ्या सैनिकांना चांदीची आणि छावणीतल्या मोतद्दार, नोकर अशा लोकांना ब्राँझची दिली गेली. पहिल्या महायुद्धाचे ब्रिटिश वॉर मेडलही चिनी, भारतीय आणि माल्टाच्या श्रमिक तुकड्यांसाठी ब्राँझमध्ये पाडले गेले, सुमारे 1 लाख 10 हजार. आज ही ब्राँझची पदके चांदीच्या पदकांपेक्षा कमी सापडतात. ज्यांची नावे इतिहासात कुठेच येत नाहीत अशा माणसांचा हा कधी कधी एकमेव पुरावा असतो, म्हणून ती सांभाळावीत असे मला फार वाटते.

12. सोव्हिएत पदकावर क्रमांक आहे. त्यावरून माणूस सापडेल?

बऱ्याचदा सापडतो. ऑर्डर ऑफ द रेड स्टारसारख्या पदकांवर मागे टाकसाळीचे नाव आणि क्रमांक असतो, आणि तोच क्रमांक धारकाच्या पदकपुस्तिकेत लिहिलेला असतो. क्रमांक आणि मागच्या बाजूची घडण एकाच काळातली हवी. मोठ्या माणसाच्या पदकाचा क्रमांक साध्या पदकावर घालण्यासाठी जुना क्रमांक घासतात. पदक तिरके धरून त्यावर प्रकाश पाडला की तिथला खोलगटपणा दिसतो.

ऑर्डर ऑफ द पेट्रिऑटिक वॉरमध्ये एक मोठी गफलत होते. ते 1942 मध्ये सुरू झाले आणि पहिल्या श्रेणीत सोने वापरले जाई. 1985 मध्ये विजयाला 40 वर्षे झाली म्हणून हयात सैनिकांना तेच पदक पुन्हा दिले, पण ते चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेले होते. दोन्ही अस्सल. 1985 चे युद्धकाळातले म्हणून विकणे खोटे.

13. नोंदींत नाव सापडत नाही. पदक खोटं समजू?

आधी नोंदी शाबूत आहेत का ते बघा. सप्टेंबर 1940 च्या बाँबहल्ल्यात पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश सैनिकांच्या सेवापुस्तिका मोठ्या प्रमाणात जळाल्या. अमेरिकेत 12 जुलै 1973 रोजी सेंट लुइसच्या लष्करी अभिलेखागाराला आग लागून 1 कोटी 60 लाखांहून जास्त फायली गेल्या. प्रशियाच्या सैन्याचे दप्तर 1945 मध्ये पॉट्सडॅमला जळाले. सेवापुस्तिका नाही म्हणजे सैनिक नव्हता, असे होत नाही.

पण ब्रिटिश पदकांच्या याद्या आणि पदकधारकांची कार्डे वेगळी ठेवलेली होती, ती वाचली. याद्या लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. शौर्यपदके लंडन गॅझेट या सरकारी राजपत्रात छापली जात. पदकाची यादी पूर्ण उपलब्ध आहे आणि तरी नाव नाही, तर मात्र शंका घ्यायलाच हवी. शोधताना नावाआधी क्रमांक आणि पलटण पाहा. एकाच नावाचे अनेक सैनिक असतात, आणि आशियाई नावांची इंग्रजी स्पेलिंगे कारकुनागणिक बदलतात.

14. व्हिक्टोरिया क्रॉस स्वस्तात मिळतोय. घेऊ का?

नक्कल म्हणून हवा असेल तर घ्या. 1856 पासून ब्रिटनचा हा सर्वोच्च शौर्यसन्मान 1358 वेळा दिला गेला आहे आणि प्रत्येक धारकाची नोंद आहे. मागच्या बाजूला मध्ये कामगिरीची तारीख आणि वरच्या पट्टीमागे नाव कोरलेले असते. परमवीर चक्र तर आजवर 21 जणांनाच मिळाले आहे. इतक्या थोड्या आणि इतक्या ठाऊक असलेल्या वस्तू अनोळखी विक्रेत्याच्या पेटीत येत नाहीत.

15. तीन पदकांच्या संचात चांदीचंच पदक का नसतं?

पहिल्या महायुद्धाच्या संचातले तारा आणि व्हिक्टरी मेडल ब्राँझचे, वॉर मेडल चांदीचे. पैशांची निकड पडली की तेच मोडीत जाई. जानेवारी 1980 मध्ये चांदीचा भाव औंसाला 50 डॉलरच्या जवळ गेला तेव्हाही अशी पदके मोठ्या संख्येने वितळवली गेली. रिकाम्या जागी दुसऱ्याच सैनिकाचे पदक लावून संच पूर्ण करू नका. जागा रिकामी ठेवा. मूळ पदक कुठे तरी असेल तर ते नावामुळे सापडू शकते, आणि संच एकत्र आल्याचा आनंद फार मोठा असतो.

16. पदक काळं पडलंय. पॉलिश करू?

नाही. तो काळसर थर पदकाचे वयही सांगतो आणि त्याचे रक्षणही करतो. पॉलिशने कडेवरची अक्षरे झिजतात, आणि ती गेली की परत येत नाहीत. ब्राँझवर हिरवी भुकटी सुटत असेल तर ते पदक वेगळे ठेवा, कोरड्या जागी न्या आणि धातू जतन करणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा. पीव्हीसी प्लॅस्टिकचे अल्बम, रबरबँड, ओकच्या लाकडाचे खण आणि लोकर यांच्यापासून पदके लांब ठेवा. सगळ्यांतून धातूला खाणारे वायू सुटतात. आम्लरहित कागद आणि सिलिका जेल पुरे.

17. मीना तुटलेला वाटतो, पण रंग अगदी नवा आहे.

दुरुस्ती असेल. खरा मीना काचेचा असतो, तुटला की काचेसारखा कपचा उडतो. दुरुस्तीत भरलेले रसायन मऊ, किंचित फुगीर आणि अतिनील प्रकाशात वेगळ्या रंगाचे दिसते. दुरुस्ती चालते, फक्त ती सांगितलेली असावी.

18. विक्रेता म्हणतो, पदक थेट सैनिकाच्या घरातून आलंय.

असेलही. पण ती गोष्ट किमतीत धरायची असेल तर तिचे कागद हवेत : पुस्तिका, पत्रे, तारखेचे फोटो. कागदांचीही पारख करा, कारण जुन्या कोऱ्या कागदावर नवी प्रमाणपत्रे छापतात. ज्या कागदावर पदकाचा क्रमांक किंवा नाव नाही, तो कागद त्या पदकाचा पुरावा होत नाही. खरेदीपावतीवर ‘अस्सल, मूळ’ असे लिहून मागा. नकार मिळाला तर तेच उत्तर समजा.

19. पदकं विकत घेणं कायदेशीर आहे का?

देशागणिक वेगळे आहे. अमेरिकेत मेडल ऑफ ऑनरची खरेदी-विक्री गुन्हा आहे. रशियात सोव्हिएत आणि रशियन शासकीय पदके विकणे दंडसंहितेत बसते. जर्मनीत स्वस्तिक असलेली पदके जाहीरपणे मिरवण्यावर बंदी आहे. 1957 च्या कायद्याने माजी सैनिकांना स्वस्तिकाशिवायची रूपे घालू दिली. भारतात 100 वर्षांहून जुन्या वस्तू पुरावस्तूंविषयीच्या 1972 च्या कायद्यात येऊ शकतात आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. आणि न मिळालेले पदक स्वतःचे म्हणून छातीवर लावणे हे संग्राहकाने कायदा नसला तरी करू नये.

20. एकाच माणसाची एकसारखी दोन पदकं निघाली. नाव, क्रमांक, पलटण सगळं तेच. एक तरी खोटं असणारच ना?

नसेलही. पहिले हरवले, सरकारने दुसरे दिले, पुढे पहिले सापडले, असे घडते. बदली पदकावर शिक्का आहे का ते पाहा (प्रश्न 2), अक्षरांची धाटणी दोन्हींवर वेगळी आहे का ते पाहा. बदली पदक वर्षानुवर्षांनी दिलेले असेल तर अक्षरे नंतरच्या पद्धतीची असतात. पदकांच्या यादीत पुन्हा दिल्याचा शेरा असू शकतो. शेरा नाही, शिक्का नाही आणि अक्षरेही हुबेहूब, असे असेल तर दोन्ही कडा शेजारी ठेवून अक्षरा-अक्षराचे अंतर मोजा. अक्षरातला एखादा चिरलेला कोपरा किंवा चुकून बसलेली खाच दोन्ही पदकांवर त्याच जागी दिसली, तर त्यांतले एक दुसऱ्याच्या साच्यातून आले आहे, आणि प्रश्न 4 मधली मापे कोणते ते सांगतील.